हलणारी अळी, न दिसणारा माणूस
(जाहिरातींतील अ‍ॅनिमेशनच्या शैली आणि वऱ्हाडचा प्रेक्षक)

१

भारतीय पडद्यावर बी पहिल्यांदा उगवले ते भांडवल उभे करण्यासाठी. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले तेव्हा त्यांच्याकडे चित्रपट काढण्याचे ज्ञान होते, पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपली. जेमतेम मिनिटभराच्या त्या फितीत कोंब मातीतून वर येतो, पाने उलगडतात, वेल चढतो. ‘अंकुराची वाढ’ हे तिचे नाव. फाळक्यांनी ती निवडक मंडळींना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्जाची तयारी दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) पाठीशी हा वाटाण्याचा वेल उभा आहे.

काटेकोर अर्थाने ते अ‍ॅनिमेशन नव्हे. काळ आखडून केलेले छायाचित्रण म्हणावे लागेल. पण तत्त्व तेच. न हलणारी चित्रे एकामागून एक ठेवायची आणि त्यांना हलायला लावायचे. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) या फितीत फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्याच चौकटीचौकटीने सरकवून नाचवल्या. म्हणजे आपल्याकडे हे तंत्र आले तेच कुणाला तरी पटवण्याचे काम अंगावर घेऊन. कला आधी जन्मली आणि जाहिरात मागाहून तिच्यात शिरली, हा आपला आवडता समज निदान इथे तरी टिकत नाही.

‘अंकुराची वाढ’चा आणखी एक गुण असा, की तिची प्रत्येक चौकट खऱ्या रोपाचे छायाचित्र होती. फाळक्यांनी काळ आखडला, रोप बदलले नाही. वेल सुकला असता तर फितीतही तो सुकलेलाच दिसला असता. आज वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला टीव्हीवर, मोबाइलवर आणि गावात फिरणाऱ्या प्रचाराच्या गाडीवर कपाशीचे जे झाड वाढताना दिसते, ते सुकूच शकत नाही. कारण ते कधी पेरलेलेच नसते. या दोन झाडांमधले अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मी या विषयाचा पदवीधर नाही. तरुणपणी अकोल्यात पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली काही वर्षे काढली. अक्षर आणि चित्र माल कसा खपवतात याचे पहिले धडे तिथले. नंतर पोटापाण्याची नोकरी सांभाळून जाहिराती बघायच्या आणि वहीत टिपून ठेवायच्या, हा छंद जडला. चित्रपटाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. चित्रपटाच्या मध्ये येणाऱ्या तीस सेकंदांकडे मात्र आपण पाणी प्यायला उठण्याची वेळ म्हणूनच पाहतो. माझ्या मते या तीस सेकंदांनाही समीक्षेची कसोटी लावली पाहिजे, कारण आमच्या भागात त्यांच्यावर विसंबून माणसे वावरात काय टाकायचे ते ठरवतात.

२

अ‍ॅनिमेशनची वर्गवारी सहसा तंत्रावरून होते : हाताने रेखाटलेले, मातीचे, बाहुल्यांचे, संगणकावरचे द्विमितीय वा त्रिमितीय. जाहिरातीचा विचार करायचा तर ही वर्गवारी अपुरी पडते. प्रत्येक शैली प्रेक्षकाला एक न बोललेले वचन देत असते, आणि जाहिरातदार शैली निवडतो तेव्हा खरे म्हणजे ते वचन निवडतो. म्हणून इथे मी वचनावरून वर्गवारी करतो आहे.

पहिली, रेषा. हाताने काढलेली रेषा प्रेक्षकाला आधीच सांगून टाकते, की ही गंमत आहे, खरे मानू नका. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला ‘गट्टू’ हलत नव्हता, पण त्याच्या उभे राहण्यातच खोडी होती. डोळ्यांवर केसांची झुलूप, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. भिंत कशी निघेल याची हमी गट्टूने कधी दिली नाही. त्याने फक्त रंगाच्या डब्याला एक वात्रट पोरगा जोडून दिला.

कीटकनाशकाची जाहिरात मूळची याच रेषेच्या घरातली. पुढे ‘डॉक्टर स्यूस’ म्हणून प्रसिद्ध झालेले थिओडोर गायझेल १९२८ पासून कितीतरी वर्षे अमेरिकेत ‘फ्लिट’ या औषधाच्या व्यंगचित्र-जाहिराती काढत होते. हे नाव आपल्याकडे इतके रुळले, की पंपात औषध कोणतेही असो, मराठी घरांत ‘फ्लिट मारायचे’ हाच शब्द चालला. पुढे टेक्स अ‍ॅव्हरी या नावाजलेल्या व्यंगपटकाराने ‘रेड’ या कीटकनाशकाच्या जाहिराती केल्या. त्यांतली झुरळे औषध पाहताच किंचाळतात, डोळे बाहेर काढतात आणि फुटतात. बघणारा हसतो. मरण रबरासारखे असते तेव्हा त्याचा त्रास होत नाही.

याच काळातला डिस्नेचा एक प्रचारपट इथे नोंदवायला हवा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. ‘द विंग्ड स्कर्ज’ (१९४३) हा मलेरियाविषयीचा लघुपट. त्यात डास हा फरारी गुन्हेगार म्हणून सादर होतो. त्याच्या बंदोबस्ताला हिमगौरीचे सात बुटके बोलावले जातात. ते डबक्यावर तेल ओततात, पॅरिस ग्रीन नावाचे आर्सेनिकयुक्त विष उडवतात, घराला जाळ्या बसवतात. कीटक इथेही खलनायकच आहे. पण त्याच्याशी लढणारी माणसे, निदान बुटके, पडद्यावर राबताना दिसतात.

दुसरी शैली मातीची. २००० च्या आसपास अ‍ॅमेरॉन बॅटरीच्या मातीकामातल्या जाहिराती टीव्हीवर आल्या. मुंबईच्या फेमस हाउस ऑफ अ‍ॅनिमेशनने त्या केल्या होत्या. गाडीची बॅटरी ही गिऱ्हाइकाच्या नजरेला क्वचित पडणारी वस्तू. तिच्यावर जीव कुणाचा जडणार? मातीने ते काम केले. मातीच्या बाहुलीवर करणाऱ्याच्या बोटांचे ठसे उरतात आणि सेकंदभराच्या हालचालीसाठी तिला कितीतरी वेळा थोडे थोडे वळवावे लागते. हे तंत्र प्रेक्षकाला माहीत नसेल, पण त्यामागची चिकाटी जाणवते. दीर्घकाळ टिकण्याचा दावा करणाऱ्या वस्तूला असे चिकाटीचे माध्यम मिळाले, यात निवडणाऱ्याची जाण दिसते.

तिसरी शैली अ‍ॅनिमेशनच्या वेशीवरची आहे. लिज्जत पापडाचा तो हसणारा ससा अ‍ॅनिमेशन नव्हता; रामदास पाध्ये यांची ती बाहुली होती. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या उद्योगाला कापडाची, हाताने हलणारी बाहुली शोभली. ‘मी तुमच्या घरातलाच आहे’ हे तिचे वचन. याच्या उलटा प्रकार व्होडाफोनच्या झूझूंचा. २००९ च्या आयपीएलमध्ये ते आले तेव्हा अनेकांना ते संगणकावर केलेले वाटले. प्रत्यक्षात ती माणसे होती. पांढरे फुगीर पोशाख आणि मोठाली डोकी चढवून, दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला त्यांचे चित्रीकरण झाले होते. हालचाल अ‍ॅनिमेशनसारखी भासावी म्हणून चित्रीकरणाचा वेगही बदलला होता. जिवंत माणसाने चित्र असल्याचे सोंग का घ्यावे? कारण चित्राला जात नसते, गाव नसते, वय नसते. मोबाइल सगळ्यांना विकायचा असेल तर कुणाचाच नसलेला चेहरा सोयीचा पडतो.

रेषा, माती आणि बाहुली या तिन्हींमध्ये एक प्रामाणिकपणा आहे. तिन्ही आपण बनावट असल्याचे लपवत नाहीत. झूझूंनी तर बनावटपणाचेच सोंग घेतले. कुणी गट्टूला साक्षीदार म्हणून बोलावणार नाही.

३

या शैली मुंबईत घडल्या. वऱ्हाडात त्यांचे काय झाले, तेही पाहू. अमरावतीत राजकमल, चित्रा, प्रभात ही टॉकीजची नावे आज चौकांची नावे म्हणून जिभेवर आहेत. या टॉकीजमध्ये इंटरव्हलला काचेच्या स्लाइड दाखवत : साड्यांचे दुकान, चष्म्याचे दुकान, तेलाची घाणी. चित्र स्थिर, बहुधा हाताने रंगवलेले, आणि दुकान प्रेक्षकाच्या चालण्याच्या टप्प्यात. हलणारे चित्र यायचे ते सरकारकडून. परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला मान्यताप्राप्त माहितीपट दाखवावे लागत, आणि त्यांत फिल्म्स डिव्हिजनचे व्यंगपटही असत. या संस्थेचा कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथली पहिली फळी शिकवली. राम मोहन हे त्यांतलेच. दुकानाची जाहिरात स्थिर आणि सरकारची शिकवण हलती, अशी ही विभागणी होती. हलत्या चित्राला ‘शिकवणाऱ्याचा’ मान मिळाला तो या काळात, असे माझे मत आहे. आमच्या पिढीने दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ (१९७४) पाहिले तेही धडा म्हणूनच.

मग नव्वदच्या दशकात गल्लीबोळात केबल आली आणि स्थानिक जाहिरात प्रथमच हलली. अमरावतीच्या जवाहर रोडवरची, अकोल्याच्या टिळक रोडवरची दुकाने पडद्यावर आली ती उडत्या अक्षरांनी. दुकानाचे नाव कोपऱ्यातून गिरक्या घेत यायचे, सोन्यासारखे चकाकायचे, त्यावर चांदण्या फुटायच्या आणि मागे ‘भव्य सेल’ असा घुमणारा आवाज. या शैलीची टिंगल सोपी आहे. पण तिचे वचन साधे आणि तपासता येण्याजोगे होते : आमचे दुकान आहे, या. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी जाऊन बघू शकत होता, की दुकान अक्षरांइतके चकाकते का.

अलीकडची शैली फळ्यावरच्या हाताची. पांढऱ्या फळ्यावर एक हात भराभर चित्रे काढतो, बाण जोडतो आणि आवाज समजावून सांगतो. लंडनच्या आरएसए या संस्थेच्या व्याख्यानांवरून २०१० पासून अशा फिती जगभर पसरल्या. त्या खरोखर चित्रकाराने काढलेल्या होत्या. आज अकोल्यातले क्लासवाले, विमा एजंट, गुंतवणुकीच्या योजना विकणारे ज्या फिती पाठवतात त्यांतला हात बहुतेक वेळा तयार मिळतो. तो एक छायाचित्र असतो. आज्ञावली ते छायाचित्र रेषेच्या टोकाशी सरकवत नेते. हात काहीच काढत नाही. तरीही तो फळा आणि तो हात आपल्याला शाळेतल्या बाकावर नेऊन बसवतात, आणि शाळेत आपण शंका विचारत नव्हतो. गिऱ्हाइकाला विद्यार्थी करून टाकणे हे या शैलीचे कसब आहे. इथे बनावटपणा लपायला सुरुवात होते.

४

आता ज्या शैलीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. तिला मी ‘छेदचित्र’ म्हणतो. टूथपेस्टच्या जाहिरातीत दात मधोमध कापून आतले जंतू दाखवतात, पाण्याच्या फिल्टरमध्ये पडद्यावर अडकणारे कण दाखवतात, ते छेदचित्र. संगणकावर केलेले त्रिमितीय, गुळगुळीत, निळसर प्रकाशातले चित्र. त्याचे मूळ वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात आहे. म्हणून त्याचे वचनही वेगळे : ही गंमत नाही, हे ज्ञान आहे, डोळ्यांना दिसत नाही ते आम्ही तुम्हाला दाखवतो आहोत.

बियाणे आणि कीटकनाशकांच्या ज्या जाहिराती मी वर्षानुवर्षे टिपत आलो, त्यांची बांधणी बहुतेक ठरलेली आहे. सुरुवातीला खरा नट, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. मग शेजारी किंवा मित्र येतो आणि डबा पुढे करतो. इथून चित्र बदलते आणि छेदचित्र सुरू होते. हिरवेगार पान, त्यावर नेमका पडणारा चमकदार थेंब, थेंबातून सुटणारे कण, पानाच्या शिरांतून धावणारा प्रकाश, अळीने घेतलेला एक घास, तिचे आकसणे आणि पडणे. पुन्हा खरा नट, आता पांढऱ्या कुडत्यात, मागे कापसाचा ढीग किंवा नवा ट्रॅक्टर.

या मधल्या भागाचे व्याकरण बघण्यासारखे आहे. त्यात वारा नाही. ऊन नाही. थेंब कधी चुकत नाही, जमिनीवर पडत नाही, शेजारच्या झाडावर जात नाही. अळी एकच असते आणि ती समोर येऊन बसलेली असते. काळही नाही, घास घेणे आणि पडणे यांच्यात एक श्वास. फाळक्यांनीही काळ आखडला होता, पण महिनाभर ते रोपासमोर होते. इथे काळ आखडलेला नसून गाळलेला असतो.

कपाशीपुरते बोलायचे तर छेदचित्र आणखी एक गोष्ट करते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. गुलाबी बोंडअळीची ओळख पडद्यावर पटवायची तर बोंड कापून दाखवावेच लागते, कारण ती आत राहते आणि सरकी खाते. पडद्यावर बोंड कापले जाते, आतली अळी दिसते आणि तिच्यावर औषधाचा परिणामही दिसतो. वावरातले बोंड मात्र कापलेले नसते. अळी लहान असतानाच आत शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते, आणि मग बाहेरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तर कृषी विद्यापीठाची माणसे कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, वेळेवर फरदड थांबवा, असे घसा कोरडा करून सांगत असतात. जे छिद्र प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी पाडलेले असते, तेच औषधासाठीही आहे असा समज करून देणे, ही छेदचित्राची करामत आहे. त्यात एकही खोटे वाक्य उच्चारावे लागत नाही.

अकोट भागातल्या एका कृषी केंद्रावर बसलो असताना ऐकलेला हा संवाद. एक वयस्क शेतकरी दुकानदाराला म्हणाले, “भाऊ, टीव्हीत तं अळी एका थेंबात पडते. माह्या वावरात तीन फवारे झाले, काहून नाही मरत?” दुकानदार हसून म्हणाला, “काका, टीव्हीतल्या अळीले मराचे पैसे भेटतात. तुमची फुकटची हाय.” सगळे हसले, काकाही हसले, आणि चौथ्या फवाऱ्याचा डबा घेऊन गेले. मला या प्रसंगात समीक्षेचा एक नमुना दिसतो. दुकानदाराने त्या चित्राचे नाटकपण अचूक पकडले होते. पण ओळखूनही चित्राचा जोर कमी झाला नाही. काकांकडे तुलनेला दुसरे चित्रच नव्हते.

५

आता त्या चित्रातून कोण गायब आहे ते पाहू. सुरुवातीला शेतकरी आहे, शेवटी शेतकरी आहे. मधल्या भागात, जिथे फवारणी होते, तिथे कुणीच नाही. थेंब आकाशातून येतो. पाठीवरचा पंप नाही, नळीचे टोक नाही, ते धरणारा हात नाही. डिस्नेच्या प्रचारपटात निदान सात बुटके होते.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. वऱ्हाडातल्या इतर जिल्ह्यांतूनही रुग्ण आले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. त्या वर्षी झाडे डोक्याच्या वर वाढली होती, म्हणून फवारा तोंडासमोर उडत होता. जास्त दाबाचे, बॅटरीवर चालणारे पंप आले होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते. जाहिरातींमुळे ही माणसे मेली, असे मी म्हणत नाही. कुणीही म्हणू नये. मी एवढेच म्हणतो, की ही सगळी कारणे म्हणजे वारा, उंची, नळी, मिश्रण, अंग, नेमकी त्या गोष्टींची यादी आहे ज्या छेदचित्रात कधी नसतात.

मग माणसाच्या शरीराविषयीची माहिती कुठे असते? ती डब्यावर असते, आणि ती हलत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक लेबलवर कोनावर उभा केलेला एक चौकोन लागतो. त्याचे दोन त्रिकोण. खालचा त्रिकोण रंगाचा : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. वरच्या त्रिकोणात इशारा. लाल वर्गासाठी कवटी आणि हाडे. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या निदान सोळाव्या हिस्स्याएवढा असावा, असा नियम आहे. सोळावा हिस्सा म्हणजे रुपयातला एक आणा. उरलेले पंधरा आणे नावाला, बोधचिन्हाला आणि हिरव्यागार चित्राला.

पाटीरंगाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या चौकोनात आणखी एक गफलत आहे. आपल्या सर्वांच्या डोळ्यांत हिरवा रंग म्हणजे ‘चालेल’ : सिग्नलवर तो, बिस्किटाच्या पुड्यावरच्या शाकाहारी खुणेत तो. डब्यावरचा हिरवा त्रिकोणही विषाचाच आहे, फक्त कमी, हे रंग स्वतः सांगत नाही. सोबतचे माहितीपत्रक घडी घडी करून डब्याला जोडलेले असते, अनेक भाषांत, बारीक टायपात. आणि ते वाचणार कोण? आमच्याकडे औषध विकत घेणारा आणि फवारणारा एकच असतो असे नाही. डबा मालकाच्या घरी उघडतो, पंप मजुराच्या पाठीवर असतो. जाहिरात मालकाशी बोलते, पत्रक मालकाच्या खिशात राहते. मजुरापर्यंत पोचतो तो नुसता वास.

म्हणजे एका वस्तूविषयी दोन चित्रे आपल्यासमोर आहेत. अळीच्या शरीरात काय होते याचे चित्र त्रिमितीय, रंगीत, आवाजासह, पुनःपुन्हा. माणसाच्या शरीरात काय होते याचे चित्र कवटी आणि दोन हाडे. तेही सगळ्या डब्यांवर नाही. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातली अनेक औषधे कीटकाच्या मज्जासंस्थेतल्या ज्या विकरावर काम करतात, तेच विकर माणसाच्या मज्जासंस्थेतही असते. एकच क्रिया, दोन शरीरे. छेदचित्र पहिल्या शरीरात शिरते आणि दुसऱ्याच्या दाराशी थांबते. ही निवड सौंदर्यशास्त्राची आहे असे कुणी म्हणेल. मी तिला नैतिक निवड म्हणतो.

६

छेदचित्रच वाईट, असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. न दिसणारे दाखवणे हेच अ‍ॅनिमेशनचे खरे सामर्थ्य आहे आणि आमच्या शेतीला त्याची गरज आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाणे येत असे. ते कडेने लावायचे, म्हणजे अळ्यांची सगळीच पिढी विषाला सरावत नाही. ही कल्पना समजायला अवघड आहे. काही ओळी अळीला खाऊ द्या म्हणजे उरलेले वाचेल, हे कोणत्या शेतकऱ्याला एका वाक्यात पटेल? ते छोटे पाकीट कितीतरी वावरांच्या धुऱ्यावर फेकले गेले. आणि २०१७ मध्येच, फवारणीच्या त्या काळ्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने विदर्भभर बोंडे पोखरली. बीटीचे कवच तिच्यापुढे टिकले नव्हते. पिढ्यानपिढ्या होणारा हा बदल पत्रकात मावत नाही, फोटोत दिसत नाही. मिनिटभराच्या अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र सहज दिसतो : दहा अळ्या, नऊ मेलेल्या, एक वाचलेली, तिची शंभर पिल्ले. मरणारी अळी मी असंख्य वेळा पाहिली. वाचलेली अळी जाहिरातीत एकदाही पाहिली नाही.

असे काम आपल्या लोकांना जमणार नाही, असेही नाही. राम मोहन यांनी युनिसेफसाठी ‘मीना’ ही मुलगी घडवली. मुलींचे शिक्षण, आरोग्य, हुंडा या विषयांवरची ती मालिका दक्षिण आशियात अनेक भाषांत गेली. मीनाचे रूप ठरवताना निरनिराळ्या देशांतल्या सामान्य लोकांना चित्रे दाखवून विचारले गेले, की ही तुमच्यातली वाटते का. कपडे, केस, घर, सगळे त्या उत्तरांवरून ठरत गेले. ज्याला पटवायचे त्याला आधी विचारायचे, ही पद्धत. फवारणारा माणूस कसा दिसावा, असे वऱ्हाडातल्या मजुराला कुणी विचारले तर तो सांगेल, की तोंडाला दुपट्टा, अंगात भिजलेला सदरा, पाठीवर गळका पंप. ते चित्र देखणे नसेल, पण त्याचे स्वतःचे असेल.

समीक्षकाने मागण्या करू नयेत असा संकेत आहे. तरी एक करतो. लेबलवर धोक्याच्या खुणेसाठी सोळावा हिस्सा राखून ठेवण्याचा नियम आहे, तसाच तो कीटकनाशकाच्या हलत्या जाहिरातीलाही लावावा, आणि तो हिस्सा त्याच शैलीत असावा : तेच त्रिमितीय चित्र, तोच प्रकाश, तोच आवाज. शेवटी भरभर वाचलेली सूचना नको. तीस सेकंदांचा सोळावा हिस्सा म्हणजे दोन सेकंदांहूनही कमी. एवढ्या वेळात काय होणार, असे जाहिरातवाले विचारतील. नळीतून सुटलेला फवारा, समोरून आलेली वाऱ्याची झुळूक, उलटे फिरलेले थेंब आणि ते टिपणारा एक चेहरा, एवढे दोन सेकंदांत होते. फाळक्यांनी वाटाण्याचा महिना मिनिटभरात दाखवला होता.